मधली जागा कोणाची?

हैदराबादच्या जुन्या मराठी माणसाला "कुठे भेटायचं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: कोठी. त्याला कारणही होतं. 1907 ची विवेकवर्धिनी शाळा, सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, आमचं सगळं जग पायी फिरता येईल एवढंच होतं. शिवाय 1932 साली निजाम स्टेट रेल्वेने 27 गाड्यांनिशी सुरू केलेली बससेवा पुढे शहरभर पसरली, तरी कोठीची बस बहुतेक भागांतून मिळायची. मग तीच मधली जागा, यात शंका कसली?

आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र. मी काचीगुड्यातच राहिलो. एक दिलसुखनगरला गेला, एक तारनाक्याला, आणि चौथा भेलमध्ये लागला म्हणून पार रामचंद्रापुरमला. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोठीच्या इराण्याकडे चहा आणि उस्मानिया बिस्किटं, हा नेम. भेलवाला उशिरा यायचा आणि आधी उठायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो. हळूहळू तो यायचाच बंद झाला. आम्हाला वाटलं, साहेब झाला, विसरला.

एकदा त्याच्या घरी जायचं ठरवलं. बसची वाट बघणं, मध्ये बस बदलणं, पुन्हा वाट बघणं. पोचेपर्यंत दोन तास मोडले. तो हसून एवढंच म्हणाला, "अरे, तुमची मधली जागा म्हणजे तुझ्या घराचा कोपरा रे."

ते लागलं. त्या दिवशी चौघांनी कागदावर लिहिलं: घराच्या दारापासून किती वेळ, आणि गाडी किती वेळा बदलायची. नकाशावरचा मध्य वेगळा आणि प्रवासाचा मध्य वेगळा, हे तेव्हा कळलं. नियम केला, की ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याचा वेळ कमी होईल ती जागा धरायची.

2003 मध्ये एमएमटीएस लोकल सुरू झाली. भेलवाला लिंगमपल्लीला गाडीत बसून थेट बेगमपेटला उतरू लागला, म्हणून आम्ही बेगमपेट धरलं. पण मग दिलसुखनगरवाल्याची ओढाताण व्हायला लागली. 2017 ला मियापूर ते नागोल मेट्रो आली आणि 2018 ला अमीरपेटहून एल. बी. नगरची. दोन्ही मार्ग अमीरपेटला मिळतात. मियापूर, तारनाका, दिलसुखनगर, तिन्हीकडून गाडी न बदलता अमीरपेट.

मला मात्र आता आधी कोठीपर्यंत जाऊन मेट्रो पकडावी लागते. पूर्वीची दहा मिनिटं गेली. पण इतकी वर्षं माझी सोय दुसऱ्या कोणीतरी बसमध्ये उभं राहून केली होती, हे आता समजतं. भेलवाला हल्ली सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो.

तुमच्याकडे, इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, कट्टा कुठे जमतो? आणि सगळ्यात लांबून कोण येतं? त्याला एकदा विचारून बघा.