मध्यरेषेपलीकडे

परवा अमेरिकेतल्या नातवाने कॉम्प्युटरवर तिकडच्या फुटबॉलची मॅच दाखवली. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा! तो म्हणाला, "आजोबा, हा क्वार्टरबॅक. कोणती चाल खेळायची ते कोच बाहेरून त्याच्या हेल्मेटमध्ये सांगतो." तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये १९९४ पासून हा रेडिओ आहे. खरी गंमत पुढेच. चाल सुरू करायच्या वेळेतले पंधरा सेकंद उरले की रेडिओ बंद! मग समोरची फळी बघून चाल तीच ठेवायची की बदलायची, ते त्या एकट्या पोराने ठरवायचं. सामने तिथेच फिरतात म्हणे.

मला आपला हुतूतू आठवला.

जुन्या हुतूतूचे तीन प्रकार. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला बाद गडी जिवंत व्हायचा. गामिनीत बाद झालेला, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. त्यामुळे कर्णधाराचं डोकंही प्रकाराप्रमाणे चालायचं. गामिनीत हुकमी गडी घाईने पाठवून गमावला की बसा हात चोळत. अमरमध्ये त्यालाच पुन्हापुन्हा पाठवा, भीती नाही. पुढे नियम एका चौकटीत आले, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, आणि आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. २०१४ पासूनच्या प्रो कबड्डीत तर दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाद व्हा. धीर धरायची सोयच ठेवली नाही. (मला हे फारसं रुचत नाही, पण नातवंडांना रुचतं.)

एक नियम मात्र मी जन्मात विसरणार नाही. गडी चढाईला गेला की त्याला आपल्या बाजूच्या कुणी सूचना द्यायची नाही. दिली तर समोरच्यांना एक गुण.

१९८४ ची गोष्ट. शिरूरहून पोरं घेऊन एस.टी.ने दौंडला गेलो होतो. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. आमचा सर्वांत शांत मुलगा दम घेत आत शिरला. उजव्या कोपऱ्यातला गडी पुढे सरकताना मला दिसला आणि मी रेषेबाहेरून ओरडलो, "मागं फिर!"

तो फिरला. सुखरूप परत आला. पंचांनी शिट्टी वाजवली आणि गुण समोरच्यांना दिला. एका गुणाने हरलो. येताना गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. नियम मीच त्यांना शिकवला होता ना!

असो. काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो मुलगा भेटला. आता त्याचेही केस पिकलेत. मी तो विषय काढला तर हसला. पाया पडला आणि म्हणाला, "सर, त्या कोपऱ्यातल्याला मीच पुढं ओढत होतो."