थर्मल कॅमेरा की नाइट व्हिजन? कुसगावच्या अंधारात नेमकं काय उपयोगी पडतं

मे २०२२. दिल्लीहून लोणावळ्याला फिरायला आलेला एक तरुण इंजिनिअर नागफणीच्या, म्हणजे ड्यूक्स नोजच्या जंगलात वाट चुकला. पोलीस, एनडीआरएफ आणि शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक शोध घेत होते. चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेहच सापडला.

नागफणी कुसगावपासून जवळच आहे. या भागात अंधारात माणूस शोधायची वेळ येते, तशीच बंगल्याच्या आवारात बिबट्या आलाय का, हे बघायचीही. अशा वेळी ऑनलाइन दोन पर्याय दिसतात: थर्मल आणि नाइट व्हिजन. दोन्ही 'अंधारात बघतात', पण दोघांचं काम वेगळं आहे.

नाइट व्हिजन म्हणजे काय?

नाइट व्हिजनला थोडा तरी प्रकाश लागतो. लष्करी पद्धतीच्या दुर्बिणीत चांदण्यांचा अंधुक प्रकाश एका नळीत हजारो पटींनी वाढवला जातो. त्यातूनच ते ओळखीचं हिरवट चित्र तयार होतं.

बाजारात मिळणारी स्वस्त उपकरणं बहुतेक डिजिटल असतात. ती स्वतःच डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात. आपल्या सीसीटीव्हीतही हेच तंत्र असतं. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर पोचतो, पण अंधारात किंचित लालसर दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी असतो.

थर्मल म्हणजे काय?

थर्मल कॅमेऱ्याला प्रकाश लागतच नाही. प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता तो टिपतो. माणूस किंवा जनावर आजूबाजूच्या गवतापेक्षा गरम असेल, तर काळोखात ठळक उठून दिसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याचा माग काढताना वन विभागाने थर्मल ड्रोन वापरले, ते याच कारणासाठी.

पण थर्मलमध्ये चेहरा किंवा अंगावरचे ठिपके दिसत नाहीत. लांबवरचा चार पायांचा पांढरा आकार बिबट्या आहे की गावातला कुत्रा, हे सांगणं अवघड जातं.

थोडक्यात, थर्मल शोधून देतं, नाइट व्हिजन ओळखून देतं.

मावळच्या हवेत काय होतं?

• धुकं आणि पाऊस: इन्फ्रारेड दिव्याचा प्रकाश धुक्यावर आपटून परत येतो आणि पडदा पांढरा होतो. हलक्या धुक्यात थर्मल सरस ठरतं. दाट धुकं आणि मुसळधार पावसात मात्र त्याचाही पल्ला घटतो.

• झाडी: विरळ गवताआडचं शरीर थर्मलमध्ये तुकड्या-तुकड्यांत दिसू शकतं. दाट पानांच्या छताखालचं दिसत नाही.

• उन्हाळा: एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला कातळ रात्रीही गरम असतो. त्यावर माणूस वेगळा दिसत नाही. पहाटे कातळ निवल्यावर शोध घेणं जास्त फायद्याचं.

• काच आणि भिंत: थर्मल भिंतीपलीकडचं बघतं, हा गैरसमज आहे. ते साध्या खिडकीच्या काचेतूनही बघू शकत नाही. कॅमेरा बाहेरच बसवावा लागतो.

मग कोणी काय घ्यावं?

बंगला किंवा सोसायटी असेल आणि आवार लहान असेल, तर चांगला नाइट व्हिजन सीसीटीव्ही आणि फाटकाजवळ दिवा एवढं बहुतेकदा पुरतं. मोठं शेत किंवा जंगलाला लागून जागा असेल, तर थर्मल घेण्यात अर्थ आहे. शोधपथकासाठी थर्मल पहिलं. ट्रेकरने मात्र दोन्हींच्या आधी हेडटॉर्च, शिट्टी आणि पॉवर बँक घ्यावी.

थर्मल घेताना रिझोल्युशन बघा. २५६×१९२ जवळच्या अंतरासाठी ठीक, ३८४×२८८ किंवा ६४०×५१२ लांबसाठी. एनईटीडी हा आकडा जितका कमी, तितका तापमानातला बारीक फरक कळतो. जाहिरातीतल्या 'डिटेक्शन रेंज'ला भुलू नका. त्या अंतरावर काहीतरी आहे एवढंच कळतं, काय आहे ते नाही.

हेही लक्षात ठेवा

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. तो दिसला तर मागे जाऊ नका, व्हिडिओसाठी घेरू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. थर्मल ड्रोन उडवायचा विचार असेल, तर लोणावळ्यात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे आणि लष्करी ठाण्यांजवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हे विसरू नका.

आणि कोणी डोंगरात हरवलं, तर उपकरणाची वाट बघत बसू नका, लगेच ११२ ला फोन करा. थर्मलला जिवंत शरीराची ऊब दिसते, म्हणून सुरुवातीचे तासच सगळ्यात मोलाचे असतात.