रिलेच्या डबीतले हेन्री मास्तर

पिंपळे सौदागरच्या आमच्या घरी स्वतः जोडलेला एक ॲम्प्लिफायर आहे. तो स्पीकरजवळ, खालच्या कपाटात ठेवलेला. त्याला संकेत पुरवणारा, तोही घरीच केलेला प्री-ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रोज वाकून कपाटातले बटण दाबण्याचा कंटाळा आला, तेव्हा प्री-ॲम्प्लिफायर सुरू होताच ॲम्प्लिफायरही सुरू व्हावा, अशी सोय करायचे ठरवले. त्यासाठी प्री-ॲम्प्लिफायरमधून १२ व्होल्टची एक तार काढतात. या संकेताला 'ट्रिगर' म्हणतात. ॲम्प्लिफायर मात्र चालतो २३० व्होल्टवर. मग १२ व्होल्टनी २३० व्होल्टचे बटण दाबायचे कसे?

यावरचा उपाय म्हणजे रिले. काडेपेटीहून लहान अशा या डबीत बारीक तारेचे वेटोळे असते. आमच्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम, म्हणजे १२ व्होल्टला प्रवाह फक्त ३० मिलिॲम्पिअर. तेवढ्याने आतला लोखंडी गाभा चुंबक बनतो, एक पट्टी ओढली जाते आणि 'टक्' असा आवाज होऊन ॲम्प्लिफायरचा परिपथ पूर्ण होतो. दोन्ही परिपथांचा एकमेकांशी तारेने काहीही संबंध नसतो. मध्ये असते ती फक्त चुंबकाची ओढ.

ही युक्ती एका शाळामास्तरांची आहे. जोसेफ हेन्री अमेरिकेत ऑल्बनी येथील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. शिकवण्याचा भार इतका, की प्रयोगांना निवांत वेळ मिळे तो ऑगस्टच्या सुट्टीत, शाळेचा मोठा दिवाणखाना रिकामा असताना. (आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको!) १८३१ मध्ये त्यांनी याच शाळेत लांबलचक तारेच्या एका टोकाला घट जोडून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवून दाखवली. त्याच वर्षी त्यांनी येल महाविद्यालयासाठी केलेला विद्युतचुंबक ९०० किलोहून अधिक वजन पेलत असे. १८३२ मध्ये ते प्रिन्स्टनला गेले आणि तिथे या दोन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. लांब तारेतून आलेला क्षीण प्रवाह लहान चुंबक हलवी. त्यामुळे मोठ्या चुंबकाचा परिपथ तुटे आणि त्याला लटकवलेली वजने वर्गात धाडकन खाली पडत. हेन्रींनी याचे पेटंट घेतले नाही. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारायंत्र सुरू केले, त्यात मात्र हीच युक्ती होती. 'रिले' हा शब्द डाकेच्या घोड्यांवरून आलेला. दमलेला घोडा टप्प्यावर बदलावा, तसा तारेतला दमलेला संकेत नव्या घटाच्या ताज्या प्रवाहावर स्वार होतो.

हा इतिहास आम्हाला तोंडपाठ होता, तरी त्याच हेन्रींनी आम्हाला फजीत केले. रिलेचा प्रवाह चालू-बंद करायला आम्ही बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर वापरला होता. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी प्री-ॲम्प्लिफायरचे बटण बंद केले, तर ॲम्प्लिफायर बंदच होईना. ट्रान्झिस्टर आतून जळून जोडला गेला होता!

कारण हेन्रींनी १८३२ मध्येच लिहून ठेवले होते. लांब, वेटोळे केलेल्या तारेतला प्रवाह तोडला की तुटल्या जागी मोठी ठिणगी पडते. वेटोळे प्रवाहातला बदल सहन करत नाही. तो एकदम थांबवू गेल्यास स्वतःच मोठा दाब निर्माण करून त्याला वाहता ठेवू पाहते. हेच स्वयंप्रवर्तन. १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत त्याच्या एककाला 'हेन्री' हे नाव देण्यात आले. १२ व्होल्टच्या रिलेचे वेटोळेही तुटताना शंभर व्होल्टच्या वर सहज जाते, आणि बीसी ५४७ ची सहनशक्ती आहे ४५ व्होल्ट.

आमच्या परिसरात रिले नवलाईची नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हिरवे बटण दाबताच मोठी मोटर सुरू करणारा कॉन्टॅक्टर हा रिलेचाच थोरला भाऊ. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही तोच. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे उपकरण मोबाइलवरून असा पंप चालू-बंद करते. आजोबांना पंपासाठी दूरवर चालत जावे लागे, हे पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. फोनच्या संकेताने आधी लहान रिले ओढायची, तिने स्टार्टरचे वेटोळे, आणि त्याने मोटर: येथेही टप्पे आलेच.

आम्ही नवा ट्रान्झिस्टर बसवला आणि रिलेच्या वेटोळ्याला समांतर, उलट्या दिशेने एक डायोड जोडला. आता बटण बंद केले की वेटोळ्यातला प्रवाह डायोडमधून फिरत फिरत विरून जातो. त्यामुळे रिले काही मिलिसेकंद उशिरा सुटते, पण ते कानाला कळत नाही. (वर्गात हा प्रयोग बॅटरीवर, रिले आणि टॉर्चचा दिवा घेऊन करावा, २३० व्होल्टला मुलांनी हात लावू नये.) डायोड काढून उघड्या हाताने वेटोळ्याची तार बॅटरीच्या टोकापासून दूर केली, तर बोटांना जो झटका बसतो, तो हेन्री मास्तरांचा.