नदीपलीकडचें परराज्य

परदेशगमन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें विमानतळ उभा राहतो. पारपत्र चाळणारा अधिकारी आणि त्याच्या हातांतला शिक्का दिसूं लागतो. परंतु चांद्याच्या शेतकऱ्याला परराज्यांत जाण्यास एकेकाळीं एक नाव पुरत असे, ही गोष्ट आज थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या सरहद्दीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. त्याबरोबर चांदाही त्यांच्याकडे गेला. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे राजुऱ्यापासून निजामाचें राज्य, अशी वांटणी झाली. दक्षिणेस सिरोंच्याचा मुलूख मात्र अद्याप निजामाकडे होता. गोदावरींतून समुद्रापर्यंत नावा चालवाव्या, वऱ्हाडचा कापूस त्या वाटेनें न्यावा, असा इंग्रजांचा त्या काळीं मोठा मनोरथ होता. म्हणून १८६० च्या तहानें त्यांनीं गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूख मागून घेतला, आणि नदींतून जाणाऱ्या मालावर कोणीही जकात घेऊं नये असें कलम घातलें. सिरोंचा हें अपर गोदावरी जिल्ह्याचें ठाणें झालें. पण नदींतील खडकांपुढें इंजिनियरांचें कांहीं चालेना. १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें आणि १८७४ सालीं तो जिल्हाही मोडला. जलमार्ग गेला, सरहद्द तेवढी राहिली.

या सरहद्दीवर माणसाला सहसा कोणी अडवीत नसे. अडवीत ते मालाला. निजामाच्या जकातखात्यास करोडगिरी म्हणत. १८०२ च्या व्यापारी तहांत शेंकडा पांच हा दर ठरला होता आणि तोच दीर्घकाळ चालला. पलीकडे पाय ठेवतांच रुपयाही बदले. तेथें हाली सिक्का चाले, आणि सहा कलदार रुपयांना सुमारें सात हाली रुपये मिळत. कचेरींतील भाषा उर्दू; सालसुद्धां फसली. अलीकडे १९३० संपत आलें असतां पलीकडे १३४० नुकतें लागलेलें असे. बाजाराला गेलेला मनुष्य एका दिवसांत जवळजवळ सहा शतकें मागें जाऊन संध्याकाळीं घरीं परत येई!

माझ्या आजीचें माहेर राजुऱ्याकडचें. गांठोड्यांत कोरें लुगडें दिसलें कीं नाक्यावरचा कारकून जकात मागे; म्हणून माहेरीं जातांना ती भावजयीसाठीं घेतलेलें लुगडें स्वतःच्या लुगड्यावरच नेसून नावेंत बसत असे. ‘मी तेव्हांच जाड दिसत होतें,’ असें म्हणून ती हंसे. पण हंसणें ओसरलें कीं हळूच म्हणे, ‘आपल्याच माहेरीं जायला चोर व्हावें लागे रे.’

हीच नदी कोणाला आसराही होती. आसिफाबादेकडील गोंडांचा पुढारी कुमरम भीमू तरुणपणीं खून अंगावर आल्यामुळें बल्लारशाकडे पळून आला, असें सांगतात. पुढें तो परतला, जंगलजमिनीच्या हक्कासाठीं उभा राहिला आणि १९४० सालीं जोडेघाट येथें निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला. हें बंड कां झालें याचा शोध घेण्याचें काम ज्यांच्याकडे आलें, ते स्वतःच कागदाचे कैदी होते. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ते गृहस्थ. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळें त्यांच्यापाशीं पारपत्र जर्मन होतें. १९३९ सालीं युद्ध पेटलें आणि ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्याची त्यांना मनाई झाली. गोंड शेतकरी कागदाशिवाय सोयऱ्यांकडे चांद्यास जाई, आणि या विद्वानाला मात्र सरहद्द बंद! त्या बंदिवासांत त्यांनीं मारलवाई या गोंड खेड्यांत बिऱ्हाड केलें, तेथें गोंडी शिक्षकांसाठीं वर्ग उघडण्यास साह्य केलें. १९८७ सालीं वारलेल्या त्यांच्या पत्नीची समाधि त्याच गांवीं आहे. ज्याला राज्यानें परका ठरविलें त्याला गांवानें आपला म्हटलें.

१९४७ नंतर सरहद्दीचें रूप पालटलें. रझाकारांच्या भयानें कित्येक कुटुंबें नदी ओलांडून भारतांत आलीं. त्या वेळीं गांठोड्यांत काय आहे याचा विचार त्यांच्या मनांत नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची वांटणी झाली, तेव्हां आदिलाबादेंतील राजुरा आधीं नांदेडला आणि १९५९ सालीं चांद्याला जोडला गेला. १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला तेव्हां सिरोंचा त्यांत गेला. आजीचें माहेर अखेर तिच्याच जिल्ह्यांत आलें.

तरीही ही गोष्ट संपलेली नाहीं. माणिकगडच्या डोंगरांत, जिवती तालुक्यांतील चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि तेलंगण अशीं दोन्ही राज्यें आज हक्क सांगतात. तेथील कित्येक घरांत दोन राज्यांच्या शिधापत्रिका आहेत. कागद दुप्पट झाले म्हणून जमिनीचा पट्टा हातीं येतोच असें नाहीं. नाक्यावरील कारकुनानें गांठोडें पाहिलें, युद्धकाळच्या सरकारनें पारपत्र पाहिलें. नेसूच्या लुगड्याआड लपविलेली भावजयीची माया कोणत्याच दप्तरांत नोंदली गेली नाहीं. पुन्हां कधीं राजुऱ्याच्या पुलावरून आपली गाडी भरधाव गेली, तर क्षणभर खालीं पाहावें, एवढीच विनंति.