अंड्याला ऊब हवी, पण ओल किती?



खुडूक कोंबडी डालग्यात पेंढ्यावर बसते आणि २१ दिवसांनी पिल्ले काढते. तीच अंडी आपण उबवणी पेटीत ठेवली, की काही पिल्ले कवचाला चिकटून मरतात, तर काही पुरी वाढूनही बाहेर येत नाहीत. बरेचदा दोष ओलाव्याचा असतो. हा प्रश्न आजचा नाही.

इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत. वर शेण-काडाचा विस्तव, खाली अंडी. ऊब बरोबर आहे की नाही हे जाणकार माणूस अंडे पापणीला लावून ओळखी. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने हीच ऊब शेणखताच्या उकिरड्यातून घेऊन पाहिली व १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. खताची दमट वाफ लागली की गर्भ मरत. मग त्याने अंडी लाकडी पिंपात ठेवून पिंप खतात पुरले. ऊब आत गेली, वाफ बाहेर राहिली. ऊब आणि ओल वेगवेगळी सांभाळावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

याचे कारण काय? कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी उडून अंड्याचे वजन १८ दिवसांत ११ ते १३ टक्के घटले पाहिजे. तेवढीच हवेची पोकळी आत तयार होते व पिल्लू पहिला श्वास तिथे घेते. ओल फार झाली तर पोकळी लहान राहून पिल्लू गुदमरते. ओल कमी पडली तर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

आपल्याकडे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे मोठ्या उबवणी केंद्रांचा व्याप वाढला. तिथे ओलावा यंत्रच सांभाळते. घरच्या पेटीत ते काम आपले.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या. भातखाचरे गेली, पण खाडीची दमट हवा तीच आहे. म्हणून कोरड्या मुलखातला "ताटली सदा भरलेली ठेवा" हा नियम इथे बारा महिने चालत नाही. पावसाळ्यात चुलीवर टांगलेले कपडे वाळतात ना? हवा तापली की तिचा दमटपणा उतरतो. बाहेर २७ अंश सेल्सिअस व ९० टक्के आर्द्रता असली, तर ३७.५ अंशांच्या पेटीत ती आपोआप सुमारे ५० टक्के होते. पहिल्या १८ दिवसांना ५० ते ५५ टक्के पुरते. म्हणजे पावसाळ्यात पाणी जवळजवळ नकोच. हिवाळ्यात बाहेर २० अंश व ६० टक्के असेल, तर पेटीत जेमतेम २२ टक्के उरते. तेव्हा पाणी हवेच.

एवढे करा :

१. दहा अंडी खूण करून तोला. ५०० ग्रॅम असतील, तर अठराव्या दिवशी सुमारे ४४० ग्रॅम भरावीत. मधेही तोला. नवव्या दिवशी निम्मी घट, म्हणजे ४७० ग्रॅम. वजन जास्त भरले तर पाणी कमी करा, कमी भरले तर वाढवा.

२. ओलावा वाढवायला भांडे खोल नको, पसरट हवे.

३. शेवटचे ३ दिवस आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठेवा. अंडी फिरवू नका, झाकण उघडू नका.

४. ओलावा टिकावा म्हणून हवेची भोके कधीही बुजवू नका.

वजनकाटा घरात असेल, तर ताटली भरायची की रिकामी ठेवायची हे अंडीच सांगतील.