चाकणचा वेढा : हातांनी शिकावयाचा इतिहास

दिवाळी आली म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात अंगणोअंगणी किल्ले उभे राहतात. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांतून डोंगर साकारतो. त्यावर अळीव पेरले जाते, माथ्यावर महाराज विराजमान होतात व पायवाटेवर मातीचे मावळे चढू लागतात. शिवनेरीच्या छायेत वाढणाऱ्या मुलांस किल्ला रचणे शिकवावे लागत नाही. परंतु हा किल्ला कधी लढत नाही. त्यात धान्य किती, पाणी किती, शत्रू कोणत्या वाटेने आला, हे प्रश्न मुलांच्या मनात उद्भवत नाहीत. ते उद्भवावेत म्हणून शिक्षकांनी व पालकांनी एक भुईकोट रचून घ्यावा. तो म्हणजे चाकणचा संग्रामदुर्ग होय.

शिवनेरी उशाशी असता चाकण का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नकाशात आहे. १६३६ च्या तहाने जुन्नर व शिवनेरी मोगलांकडे गेले. मे १६६० मध्ये शायिस्तेखानाने पुणे घेतले. या दोहोंना जोडणाऱ्या वाटेवर फिरंगोजी नरसाळा तीन-साडेतीनशे माणसांनिशी चाकण राखून बसला होता. नारायणगाव, मंचर, खेड, चाकण ही एस. टी. च्या खिडकीतून नित्य दिसणारी गावे जमिनीवर खडूने मांडली, की चाकण घेतल्यावाचून खानाला स्वस्थता का नव्हती, हे दहा वर्षांच्या मुलालाही उमगते.

२१ जून १६६० रोजी खान चाकणपुढे आला आणि १५ ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती पडला. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात. म्हणजे वेढ्याचे दिवस हे शाळेच्या पहिल्या पावसाळ्याचेच दिवस ! वर्गाच्या भिंतीवर ५६ चौकटी आखाव्यात व मुलांनी रोज एक रंगवावी. ‘छप्पन्न दिवस’ हे शब्द पाठ करण्यास क्षणही पुरतो. पण पंचविसाव्या चौकटीपाशी मुले कंटाळून ‘अजून किती राहिले?’ असे विचारू लागली, म्हणजे तटावरील माणसाचे मन त्यांस कळू लागले असे समजावे.

गणिताचा तासही येथेच घ्यावा. माणसे ३०० व प्रत्येकास दिवसाला अर्धा किलो धान्य धरले, तर रोज १५० किलो आणि ५६ दिवसांत ८,४०० किलो, म्हणजे ५० किलोच्या १६८ गोण्या लागतील. हा केवळ आपला हिशेब आहे, बखरीतील आकडा नव्हे, हे मुलांस स्पष्ट सांगावे. अर्धा किलो ज्वारी मात्र प्रत्यक्ष मापून प्रत्येकाच्या हाती द्यावी.

मग मातीचा चौकोनी कोट, कोपऱ्यांवर बुरूज व भोवती खंदक करावा. खंदकात पाणी ओतावे. कोटाबाहेर मातीचा उंचवटा रचून तेथून आत डोकावण्यास सांगितले, की तोफांसाठी दमदमे का उभारीत, ते निराळे समजावावे लागत नाही. सुताचा तोडा भिजवून शिक्षकांनी स्वतः पेटवून पाहावा. तो पेटत नाही, आणि पावसातील बंदूकवाल्याची अडचण ध्यानात येते. शेवटी ईशान्येच्या बुरुजाखालची माती मुलांनी चमच्याने हळूहळू काढावी. वरून अभेद्य दिसणारा बुरूज एकाएकी खचतो. १४ ऑगस्टला त्याच बुरुजाखाली मोगलांनी सुरुंग उडविला. तरीही आतल्या लोकांनी मागे आडोसा धरून तो दिवस व ती रात्र झुंज दिली. या वेढ्यात मोगलांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले.

दोन पक्ष पाडले, तर पक्षांची अदलाबदल अवश्य करावी. नावावरून वा घराण्यावरून एखाद्या मुलास नेहमी ‘मोगल’ करणे हा अन्याय आहे, आणि इतिहासाचा विपर्यासही. किल्ला खाली करण्याची बोलणी मोगलांच्या वतीने राव भावसिंह हाडा या राजपुताने केली होती. त्या काळच्या फौजा आजच्या आपल्या मनातील कप्प्यांप्रमाणे विभागलेल्या नव्हत्या.

सर्वांत अवघड प्रश्न मुलेच विचारतात. फिरंगोजीने किल्ला दिला, मग तो हरला काय ? शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. बुरूज गेला होता, बाहेरून कुमक नव्हती आणि उरलेली माणसे वाचवायची होती. खानाने देऊ केलेली चाकरी त्याने नाकारली आणि महाराजांनी पुढे त्याला भूपाळगड सांभाळण्यास दिला. एवढे सांगून निर्णय मुलांवर सोपवावा.

ज्ञातीच्या वार्षिक अंकात आपण आपल्या पूर्वजांचे स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु चाकणच्या त्या तीनशेंपैकी सर्वांच्या ओठी आहे ते एकट्या फिरंगोजीचे नाव. बाकीचे कोणत्या ज्ञातीचे, कोणत्या कुळाचे, हे शोधत बसण्यापेक्षा ते ५६ दिवस कसे राहिले, हे आपल्या मुलांनी जाणून घ्यावे. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आटोपल्यावर शेवटची चौकट रंगवून मुलांस एकदा चाकणला न्यावे आणि गावाच्या गजबजाटात उरलेल्या तटाला हात लावू द्यावा. चिखलात मळलेल्या त्या हातांना तो तट परका वाटणार नाही.