माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना व वय वंदना कार्ड

निवृत्त सैनिकांसाठी असलेली ‘माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना’ (ईसीएचएस) आणि सत्तर वर्षांवरील नागरिकांसाठीचे ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ या केंद्र शासनाच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. सत्तरी ओलांडलेला माजी सैनिक दोन्हींच्या कक्षेत येतो. मात्र दोन्हींचा लाभ एकाच वेळी मिळत नाही. त्याला त्यांपैकी एक निवडावी लागते.

ईसीएचएस : ही योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. त्यापूर्वी निवृत्त सैनिकाचा मुख्य आधार लष्करी रुग्णालय हाच होता आणि छावणीपासून दूरच्या गावांना त्याचा फारसा उपयोग नव्हता. योजनेत हुद्द्यानुसार एकदाच अंशदान भरावे लागते. डिसेंबर २०१७ च्या सुधारित दरांनुसार हवालदारापर्यंत ३०,०००, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकारी १,२०,००० रुपये असे ते आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना अंशदान माफ आहे. पत्नी, अवलंबून असलेले आईवडील व अपत्ये यांनाही संरक्षण मिळते. उपचार योजनेच्या पॉलिक्लिनिकपासून (दवाखान्यापासून) सुरू होतो. तेथे तपासणी व औषधे मिळतात आणि गरज पडल्यास पॅनेलवरील (योजनेच्या यादीतील) रुग्णालयासाठी रेफरल दिले जाते. उपचारखर्चाला ठरावीक कमाल मर्यादा नाही. तातडीच्या प्रसंगी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते.

२००३ पूर्वी निवृत्त झालेल्यांपैकी काहींनी सदस्यत्व न घेता निश्चित वैद्यकीय भत्ता स्वीकारला. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा १,००० रुपये आहे. हे पेन्शनर ईसीएचएसचे सदस्य नसल्याने त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न येत नाही.

वय वंदना कार्ड : आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती गरीब कुटुंबांपुरती होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सत्तर व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिच्या कक्षेत आणले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून कार्डे मिळू लागली. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांचे वेगळे संरक्षण मिळते आणि त्यात तरुण सदस्यांचा वाटा नसतो. वय आधार कार्डावरून ठरते. ही योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी व रोजची औषधे तिच्यात येत नाहीत.

निवडीचा नियम : ईसीएचएस, केंद्र सरकार आरोग्य योजना (सीजीएचएस) आणि निमलष्करी दलांची आयुष्मान योजना यांच्या लाभार्थ्यांनी जुनी योजना चालू ठेवावी किंवा वय वंदना कार्ड घ्यावे. खासगी विमा किंवा राज्य कामगार विमा असलेल्यांना मात्र ही अट नाही. त्यांना दोन्ही ठेवता येतात. अमेरिकेतील रचना याच्या उलट आहे. तेथे २००१ पासून पासष्टीपुढच्या सैन्यनिवृत्तांचे बिल आधी मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना भरते आणि बहुतांश उरलेला भाग ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’ ही सैन्यनिवृत्तांची योजना उचलते. त्यासाठी मेडिकेअरच्या ‘भाग ब’चा हप्ता चालू ठेवावा लागतो. त्यामुळे तेथे बिल आधी कोणाकडे जाते हा मुद्दा असतो, तर भारतात कोणते कार्ड ठेवायचे हा.

रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी यांसारख्या कायमच्या दुखण्यांत खर्चाचा मोठा भाग औषधांचा असतो. त्या दृष्टीने बहुतेक माजी सैनिकांना ईसीएचएस अधिक उपयोगी पडते. वय वंदना कार्डाचे पारडे जड होते ते मुख्यतः जवळच्या रुग्णालयामुळे. ज्या गावापासून पॉलिक्लिनिक व पॅनेलवरील रुग्णालय लांब आहे, पण आयुष्मान योजनेतील रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तेथे हा विचार करावा लागतो.

लोहा परिसर : अशा भागाचे उदाहरण म्हणून लोहा परिसर पाहता येईल. नांदेड–लातूर रस्त्यावरील लोहा हे तालुक्याचे ठिकाण आहे. शेजारच्या कंधार व अहमदपूर तालुक्यांप्रमाणेच येथेही लष्करी छावणी नाही. मोठ्या उपचारांसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूर गाठावे लागते. शासकीय विमा या भागाला नवा नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि नंतर ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण ५ लाखांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली.

निवड करण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : नेहमीचे औषध कोठून मिळते, हृदय-मूत्रपिंडाच्या उपचारांचे जवळचे रुग्णालय कोणत्या यादीत आहे आणि घरातील कोण ईसीएचएसमध्ये अवलंबित म्हणून नोंदले आहे. नोंद नसलेल्या सत्तरीपुढच्या आईवडिलांना निवडीची अट लागू होत नाही. ते वय वंदना कार्ड थेट घेऊ शकतात. ईसीएचएसच्या सदस्यत्वाची माहिती पॉलिक्लिनिकमध्ये व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. वय वंदना कार्डाची नोंदणी आधार पडताळणीनंतर योजनेतील रुग्णालयात किंवा मोबाइल अ‍ॅपवरून होते.